जुन्या गाडीचा पेट्रोल सप्लाय मध्येच तुटतो तेव्हा: दोष हजर असतानाच कसा पकडायचा

जुनी गाडी कायमची बंद पडली तर निदान सोपं असतं. दोष समोर बसलेला असतो, आज ना उद्या सापडतोच. खरा छळ करते ती मध्येच बंद पडणारी गाडी. वीस मिनिटं झकास चालते, मग चढावर झटके द्यायला लागते, मान टाकते, आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभी केली की काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष पसार झालेला असतो. मेकॅनिक चक्कर मारून येतो, म्हणतो गाडी तर व्यवस्थित आहे. मग अंदाजाने पंप बदलतात, पुढच्या आठवड्यात फिल्टर, त्यानंतर कार्ब्युरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) किट किंवा इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीची) सफाई. गाडी मात्र तिच्या सोयीने बंद पडतच राहते.

माझं ठाम मत आहे की अशा गाडीत माप घेतल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये. आणि माप घ्यायचं ते दोष हजर असताना. गाडी नीट चालत असताना प्रेशर बरोबर आलं, व्होल्टेज बरोबर आलं, तर त्यावरून एवढंच कळतं की गाडी नीट चालत असताना सगळं नीट असतं. त्यामुळे खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती फिरते: मोजमापाची साधनं आधीच जोडून तयार ठेवायची, आणि गाडी मान टाकेल त्या क्षणी वाचन घ्यायचं.

सुरुवात करण्यापूर्वी: आगीचा विचार

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. काम उघड्यावर करा. जवळ ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा आणि ते चालवायचं कसं हे आधीच बघून घ्या. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प वापरू नका; तो पडून फुटला की गरम तार थेट वाफेत येते. एलईडी बॅटरी वापरा. इंजिन गरम असताना सप्लायची कुठलीही नळी सोडवायची नाही.

इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही लाइनमध्ये प्रेशर राहतं. पंपाचा फ्यूज किंवा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्या, नंतर दोनदा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. एवढं केल्यावरही जोड सोडवताना त्याच्याभोवती फडकं गुंडाळायचं, कारण थोडं पेट्रोल उडतंच. डोळ्यांवर चष्मा हवा.

पहिली पायरी: लक्षणांची वही

गाडीत एक वही ठेवा. हे जुनाट वाटेल, पण महागड्या स्कॅनरपेक्षा वहीने सोडवलेल्या केसेस जास्त असतील. गाडीने त्रास दिला की लगेच पाच गोष्टी लिहायच्या: सुरू करून किती वेळ झाला होता, टाकीत पेट्रोल किती होतं, रस्ता कसा होता (चढ, वळण, सपाट), ऊन किंवा गारवा कसा होता, आणि किती वेळाने ती पुन्हा सुरू झाली. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि नेमका तोच बऱ्याचदा उत्तर देतो.

वहीत चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

टाकी पाव भरलेली असताना किंवा वळणावरच गाडी तुटते, टाकी भरली की आठवडाभर नाव काढत नाही. अशा वेळी टाकीतल्या सक्शन नळीला गंजून भोक पडलेलं असण्याचा संशय घ्या. पेट्रोलची पातळी भोकाच्या खाली गेली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासा: पेट्रोलचा काटा खरं बोलतो का? जुन्या गाड्यांत पाव टाकी दाखवणारा काटा आणि रिकामी टाकी ही जोडी अजिबात दुर्मीळ नाही.

हायवेवर सलग वेगात पंधरा-वीस मिनिटांनी तुटते, थांबून दहा मिनिटांनी चालू होते, गावात मात्र त्रास नाही. इथे दोन उमेदवार आहेत. टाकीतला गंज किंवा कचरा ओढीमुळे जाळीवर जाऊन बसतो, इंजिन बंद पडल्यावर ओढ थांबते आणि तो खाली गळून पडतो. किंवा टाकीला हवा मिळत नाही, आत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही.

कडक उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, किंवा गरम इंजिन पाच-दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करताना त्रास होतो. ही उष्णतेची बाब आहे, म्हणजे पेट्रोलची वाफ होणं. पण गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा सेन्सरही हुबेहूब असंच वागतात.

खड्ड्यात आदळली की क्षणभर तुटते आणि लगेच सावरते: वायरिंग. आयडलिंगला छान, हलक्या पायाने छान, पण रेस दाबली की श्वास कोंडल्यासारखी होते: चोंदलेला फिल्टर किंवा दमलेला पंप.

दुसरी पायरी: पेट्रोल तुटतंय की करंट?

सप्लायच्या नावाने शोधलेल्या कितीतरी दोषांचं मूळ इग्निशनमध्ये निघतं. म्हणून हे आधी वेगळं करायला हवं.

पेट्रोल तुटतं तेव्हा गाडी सहसा हळूहळू जाते. आधी ओढ कमी होते, मग झटके, मग थोडी सावरते, पुन्हा झटके, आणि शेवटी बंद. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे जास्त स्पष्ट जाणवतं, कारण फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यात, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहतं. करंट तुटतो तेव्हा मात्र कुणीतरी चावी फिरवल्यासारखं इंजिन एकदम गप्प होतं. आरपीएमचा काटा असेल तर त्याच्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये लोळत असताना, म्हणजे इंजिन फिरत असतानाच काटा धाडकन शून्यावर आला, तर स्पार्कच्या बाजूने शोध सुरू करा.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला तरच पंपाचा रिले चालू राहतो. तो सिग्नल क्रँक सेन्सरकडून (इंजिनाचा क्रँक फिरतोय हे सांगणाऱ्या सेन्सरकडून) किंवा डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागातून) येतो. गरम होऊन सेन्सर मेला की पंपही थांबतो, स्पार्कही थांबतो. अशा वेळी पंप फिरत नाही एवढंच बघून नवा पंप बसवला तर पैसे पाण्यात. पंप बंद असेल तर लगेच स्पार्कही बघा. दोन्ही एकदम गेले असतील तर दोष दोघांच्या वरच्या बाजूला आहे: सेन्सर, मेन रिले, इग्निशन स्विच.

रस्त्यावर ही तपासणी करायला जवळ एक स्पार्क टेस्टर ठेवा, जो प्लगच्या केबलला लावून क्लिपने अर्थ करता येतो. वायर हातात धरून ठिणगी बघायचा जुना प्रकार इथे नको, कारण आपण पेट्रोलचीच गळती शोधत असू शकतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक सुंदर चाचणी आहे, तिला काहीही साधन लागत नाही. गाडी बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडा, एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची पट्टी उघडी धरा आणि इंजिन बंद ठेवूनच हाताने थ्रॉटल जोरात उघडा. घशात वरून बघा. ॲक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, जोरकस धार आली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि टाकी, पंप, फिल्टर हे त्या क्षणी तरी निर्दोष आहेत. नुसतेच थेंब आले किंवा काहीच आलं नाही, तर वाटी रिकामी आहे. ॲक्सिलरेटर पंपाचा वॉशर आधीपासूनच झिजलेला असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून गाडी नीट असताना धार कशी दिसते ते आधी एकदा बघून ठेवा. चेहरा घशाच्या थेट वर आणायचा नाही आणि त्या वेळी कुणी सेल्फ मारायचा नाही.

तिसरी पायरी: टाकीचं झाकण

झाकण उघडायला दहा सेकंद लागतात, म्हणून हे लवकर उरकायचं. पण वेळ साधली पाहिजे. गाडी झटके द्यायला लागली की सुरक्षित जागी थांबा आणि लगेच झाकण सैल करा. हवा आत ओढली जाण्याचा लांब आवाज आला आणि गाडी लगेच सुरू होऊन नीट पळाली, तर टाकीला श्वास घेता येत नाहीये. नुसत्या फुस्स आवाजावरून निष्कर्ष काढू नका. बऱ्याच गाड्यांत थोडा आवाज स्वाभाविक असतो, आणि उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर येते तेव्हाही आवाज येतोच. हवा आत जाते की बाहेर येते, आणि त्यानंतर गाडी सुधारते का, हे दोन्ही जुळलं पाहिजे.

याचं नेहमीचं कारण म्हणजे चुकीचं झाकण. काही गाड्यांचं झाकण हवा आत घेणारं असतं, काहींचं पूर्ण बंद असतं आणि हवा वेगळ्या नळीतून किंवा कार्बन कॅनिस्टरमधून (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्यातून) येते. दोन्ही झाकणं एकाच गळ्यावर घट्ट बसतात, म्हणून आधीच्या मालकाने हरवलेल्या झाकणाच्या जागी दुसरंच बसवलेलं असतं. झाकण बरोबर असेल तर व्हेंटची नळी शोधा: दुमडलेली, चिखलाने बुजलेली, किंवा किड्यांनी घर केलेली.

चौथी पायरी: लाइन अर्ध्यात तोडून बघा

ही पद्धत फक्त कमी प्रेशरच्या, कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पंप (विजेवर नव्हे, इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा) असलेल्या गाडीसाठी आहे. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी पंपाजवळ सोडवून तिचं तोंड बूच लावून बंद करा. पेट्रोलसाठीच बनवलेल्या छोट्या कॅनमधून नवी नळी पंपाच्या तोंडाला जोडा. कॅन गाडीच्या बाहेर, गरम भागांपासून दूर, पक्क्या जागी ठेवा. गाडी उभीच ठेवून इंजिन गरम होऊ द्या आणि नेहमी त्रास होतो तेवढा वेळ मध्यम रेसवर चालवा. असा कॅन लावून रस्त्यावर जायचं नाही.

उभ्या गाडीतही होणारा त्रास कॅनवर नाहीसा झाला, तर दोष पंपाच्या मागे आहे: टाकी, जाळी, सक्शन नळी, रबरी होज, व्हेंट. त्रास तसाच राहिला तर पंप किंवा त्याच्या पुढे शोधा. एका चाचणीत अर्धी गाडी वगळली जाते, आणि म्हणूनच मला ही चाचणी सगळ्यात प्रिय आहे.

पंपाच्या मागच्या बाजूचा एक छुपा गुन्हेगार म्हणजे सक्शनची रबरी होज. या बाजूला प्रेशर नसून ओढ असते. त्यामुळे होजला बारीक चीर गेली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि पंप मात्र फेस ओढतो. पेट्रोलला चालणारा पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा पंपाच्या आधी तात्पुरता जोडून बघा. इंजिन चालू असताना त्यातून सतत बारीक बुडबुड्यांची माळ जाताना दिसली तर हवा आत येतेय. चाचणी संपली की तो तुकडा काढून टाका.

त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे बाहेरून ठणठणीत दिसणारी, पण आतून सुटलेली होज. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसत नाही. आतला थर फुगतो, मऊ पडतो आणि सालीसारखा सुटतो. ओढ वाढली की ती साल झडपेसारखी वाट अडवते, ओढ थांबली की परत जागेवर. होज चिमटीत दाबून बघा. पिठासारखी मऊ लागली, बोटांना काळं लागलं, किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला. नवी घेताना छापील मानक वाचा: कार्ब्युरेटरच्या कमी प्रेशरला एसएई जे३०आर७, इंजेक्शनला जे३०आर९, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेल्या तुकड्यासाठी जे३०आर१०. टाकीत साधी होज वापरली तर बाहेरूनही पेट्रोल लागून ती लवकरच विरघळायला लागते.

पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून घाबरणारे बरेच जण भेटतात. कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत तो अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी उत्तम चालते. त्याला पुरावा मानू नका.

पाचवी पायरी: पंपाचं माप

यांत्रिक पंपाचं प्रेशर साधारण ०.३ ते ०.४ बार, म्हणजे ४ ते ६ पीएसआय असतं. प्रेशरबरोबर प्रमाणही, म्हणजे ठरावीक वेळात किती पेट्रोल येतं तेही, मोजा, कारण दमलेला पंप बंद तोंडावर प्रेशर दाखवतो आणि वाहत्या लाइनला मात्र पुरा पडत नाही. पंपातला डायफ्राम (लवचीक पडदा) फाटला असेल तर पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून पेट्रोल झिरपतं, किंवा ते इंजिनात उतरून ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. असं दिसलं तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

पंप चांगला आणि वाटी तरी रिकामी, तर फ्लोटच्या निडलकडे, म्हणजे वाटीत पेट्रोल येऊ देणाऱ्या सुईसारख्या झडपेकडे, या. जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसून निडल अडकते, गाडीला धक्का बसला की सुटते. वाटीत कचरा आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.

इंजेक्शनच्या गाडीला गेज लागतोच. मल्टिपॉइंट इंजेक्शनचं (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) प्रेशर बहुधा २.५ ते ४ बारच्या दरम्यान असतं, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं (सगळ्यांसाठी थ्रॉटलजवळच फवारा) बरंच कमी, १ बारच्या आसपास, तर बॉशच्या के-जेट्रॉनिकसारख्या यांत्रिक पद्धतीत ५ बारच्या जवळपास. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. दोन गाड्या सारख्या दिसतात म्हणून आकडे सारखे नसतात.

गेज रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) टेस्ट व्हॉल्व्हला, नाहीतर टी-जोड घालून लावा. लांब होजचा गेज घेऊन तो बाहेरून विंडस्क्रीनवर वायपरखाली पक्का बांधा, होज गरम किंवा फिरत्या भागांना लागणार नाही अशी न्या, आणि निघण्यापूर्वी गळती बघा. पेट्रोलची नळी किंवा गेज केबिनच्या आत आणायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. गाडी एकाने चालवायची, गेज दुसऱ्याने वाचायचा.

आता गाडी तिच्या आवडीच्या परिस्थितीत न्या आणि वाट बघा. गाडी झटके देतेय आणि काटा जागेवर स्थिर आहे, तर पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतंय. इग्निशन, सेन्सर किंवा इंजेक्टरला मिळणारा सिग्नल तपासा. काटा आधी घसरला आणि मग गाडीने झटका दिला, तर दोष सप्लायमध्ये आहे हे पक्कं झालं. काटा कसा घसरतो तेही बघा. रेस वाढवली की हळूहळू खाली येत असेल तर अडथळा किंवा अशक्त पंप. धाडकन पडला तर पंपाचा करंट तुटला.

प्रेशर रेग्युलेटर (लाइनमधलं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिन हवा ओढताना होणाऱ्या निर्वातावर, चालणारा असेल तर आयडलिंगला त्याची व्हॅक्युम नळी काढून बघा. प्रेशर साधारण अर्ध्या बारने वाढायला हवं. त्या नळीत पेट्रोलचा ओलावा किंवा वास असेल तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटला आहे. इंजिन बंद केल्यावर प्रेशर लगेच शून्यावर उतरत असेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी कुणीतरी पेट्रोल सोडतोय. गरम इंजिन पुन्हा सुरू होताना लांब सेल्फ मारावा लागतो तो बहुतेकदा यामुळे.

प्रेशर मोजल्यावर प्रमाणही मोजा: परतीच्या नळीतून पेट्रोल भांड्यात घेऊन पंप ३० सेकंद चालवला तर बऱ्याच गाड्यांत अर्धा लिटर किंवा जास्त मिळतं. इथेही अंतिम शब्द मॅन्युअलचा.

सहावी पायरी: पंपाला करंट पुरेसा मिळतो का

इतक्या जुन्या गाडीत मी पंपावर संशय घेण्याआधी वायरिंगवर घेतो. वीस-पंचवीस वर्षांत कनेक्टर गंजतात, रिलेच्या आतले झाळ (सोल्डरचे जोड) तडकतात, अर्थचा बोल्ट पेंटखाली सैल होतो. पंप बिचारा उपाशी राहतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

ओम मोजून वायर चांगली ठरवू नका. दहा तारांपैकी एकच तार शाबूत असलेली वायरही मीटरवर जवळजवळ शून्य ओम दाखवते, पण पंपाचे ५–६ अँपिअर वाहायला लागले की तिच्यात व्होल्टेज मरतं. म्हणून पंप चालू ठेवून माप घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पंपाच्या कनेक्टरमधल्या पॉझिटिव्हला. जे वाचन येईल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेत कुठेतरी प्रतिकार आहे. तसंच पंपाचं निगेटिव्ह आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थ साफ करा. काही मॉडेलमध्ये आयडलिंगला पंपाचा वेग कमी करायला मुद्दाम रेझिस्टर घातलेला असतो, म्हणून वायरिंग डायग्राम एकदा बघून घ्या.

वाचन जास्त आलं तर मीटरचं दुसरं टोक एकेक टप्पा मागे आणत चला: टाकीवरचा कनेक्टर, रिलेचा ८७ नंबर (पंपाकडे जाणारा पाय), रिलेचा ३० नंबर (बॅटरीकडून येणारा पाय), फ्यूजच्या दोन्ही बाजू. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष. काळवंडलेला किंवा वितळलेला फ्यूज होल्डर मी याच पद्धतीने सापडताना बघितला आहे, वरून फ्यूज अगदी नवाकोरा होता.

दोष रस्त्यावरच पकडायचा असेल तर पंपाच्या पॉझिटिव्ह वायरला फ्यूज लावलेली पातळ वायर जोडून ती केबिनमध्ये आणा आणि मीटर समोर ठेवा. ही फक्त करंटची वायर आहे, पेट्रोलची नळी नव्हे. वाचन गाडी मान टाकत असताना, इंजिन अजून फिरतंय तोवरच घ्या, कारण इंजिन थांबलं की बऱ्याच गाड्यांत रिले आपोआप बंद होतो. त्या वेळी मीटरवर बारा-तेरा व्होल्ट आहेत, पण पंपाचा आवाज नाही, तर अर्थ किंवा पंप दोषी. टाकीच्या खाली रबरी हातोड्याने हलकं ठोकल्यावर पंप फिरायला लागला तर त्याचे ब्रश झिजलेत. तो बदलायला आता पुरावा आहे. मीटर शून्य दाखवत असेल तर रिले आणि त्याच्या मागचं सगळं.

रिलेचं झाकण काढता येत असेल तर काढा आणि पायांभोवतीचे झाळ भिंगाखाली बघा. पायाभोवती केसाएवढी गोल काळसर भेग दिसली तर तोच दोष. गरम झाल्यावर ती उघडते, थंड झाल्यावर जुळते, आणि म्हणूनच टेबलावर रिले नेहमी पास होतो. ३० आणि ८७ तात्पुरते जोडून पंप चालवून बघायचा असेल तर मूळ क्षमतेचा फ्यूज लावलेली वायर वापरा, आणि चाचणी झाल्यावर काढा. ती तशीच ठेवली तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही पंप पेट्रोल ओतत राहील.

नंतर बसवलेला अलार्म, चोरीरोधक स्विच किंवा गॅस किटचा कट-ऑफ असेल तर सगळ्यात आधी तिथे जा. हे बसवणारे लोक पंपाची वायर कापून मध्ये स्वतःचा रिले घालतात आणि जोड कित्येकदा नुसता टेपने गुंडाळलेला असतो. अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असेल तर त्याचेही संपर्क तपासा.

उष्णतेचा प्रश्न

पेट्रोलचे हलके घटक ३५–४० अंशांच्या आसपास उकळायला लागतात, आणि सक्शनच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे त्याहीपेक्षा लवकर. १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात बाष्पदाब आणखी वाढतो. म्हणून इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप असलेल्या गाडीला हा त्रास जास्त. टाकीतच पंप असलेल्या, ३ बारवर चालणाऱ्या गाडीत कमी.

खात्री करायला गाडी बंद पडल्यावर फक्त पंपावर ओलं फडकं ठेवा, एक-दोन मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. सुरू झाली नाही तर पंपाला हात न लावता कॉइलवर ओलं फडकं ठेवा, केबल आणि कनेक्टर कोरडे राहतील असं. एका वेळी एकच वस्तू थंड करायची, नाहीतर गाडी कशामुळे सुरू झाली ते कधीच कळणार नाही. गरम एक्झॉस्टवर पाणी ओतायचं नाही, मॅनिफोल्ड तडकू शकतो.

वाफच होत असेल तर कारण शोधा. गाडी नवी असताना हा त्रास नव्हता, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय. एक्झॉस्टजवळचा हीट शील्ड गायब, कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर काढून पातळ गास्केट बसवलेलं, परतीची नळी बूच लावून बंद केलेली, किंवा पेट्रोलची नळी एक्झॉस्टला जवळजवळ चिकटवून नेलेली. हे पूर्ववत केलं की त्रास बहुधा जातो.

जुना फिल्टर फेकू नका

काढलेला फिल्टर ज्या बाजूने पेट्रोल आत येतं त्या बाजूने पांढऱ्या भांड्यात ओता. बाहेर काय पडतं ते नीट बघा. लालसर-तपकिरी गाळ म्हणजे टाकीतला गंज. काळे, रबरासारखे कण म्हणजे आतून सुटणारी होज. चंदेरी चमक असेल तर पंप झिजतोय. काचेच्या बरणीत तासभर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसला, तर पेट्रोलमध्ये पाणी शिरलंय. इथेनॉल त्या पाण्याबरोबर वेगळं होऊन खाली बसतं आणि पंप नेमका तोच थर आधी ओढतो.

धातूचा फिल्टर उघडून बघायचा असेल तर तो उघड्यावर पूर्ण वाळू द्या आणि हाताने फिरवायच्या पाइप कटरने कापा. ग्राइंडर मुळीच नको.

टाकीत गंज सापडला तर नवा फिल्टर हा उपाय नाही. टाकी उतरवून साफ करा किंवा बदला, जाळी नवी घाला, आणि पहिल्या काही भरण्यांनंतर फिल्टर पुन्हा बदला. रिकाम्या टाकीला वेल्डिंग स्वतः करायचं नाही. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोकादायक असते.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मग गाडी त्याच परिस्थितीत न्या जिथे ती हमखास तुटायची: तोच चढ, तेवढंच पेट्रोल, तेवढंच ऊन. गेज किंवा मीटर अजून काढू नका. दोष आधी दोन दिवसांत एकदा यायचा तर दोन दिवस नीट चालल्याने काही सिद्ध होत नाही. त्याच्या तिप्पट काळ जाऊ द्या. आणि बदललेल्या पार्टनंतर माप बदललं का तेही बघा. होल्डर साफ केल्यावर दीड व्होल्टचं नुकसान ०.२ वर आलं असेल तर दुरुस्ती खरी. माप होतं तेवढंच असेल आणि गाडी नुसती आज शहाण्यासारखी वागत असेल, तर दोष अजून आत आहे.

गेज काढल्यावर सगळे जोड इंजिन चालू ठेवून बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा. थंडीत रबर आकसतं आणि आदल्या दिवशी घट्ट वाटलेली क्लिप पाझरायला लागते. कोरड्या कागदाने प्रत्येक जोड पुसून कागद बघा, मग क्लिप अर्धा फेरा आवळा.